कडक उपास

“काल दिवसभर यांनी काय काय खाल्लं?” डॉक्टरांनी दारातूनच विचारलं.

“काय म्हंजे काय न्हाई,” आक्का म्हणाली. “कडक उपास हुता.”

तिच्या आवाजात अभिमान होता. माझ्या थोरल्या बहिणीनं आयुष्यभर नवऱ्याचे उपास निगुतीनं सांभाळले होते आणि आज पहिल्यांदाच कुणी शिकल्यासवरल्या माणसानं त्याची चौकशी केली होती. डॉक्टर वयानं तरुण होते. एका हातातला रबरी मोजा निम्मा काढून ते तसेच उभे राहिले होते. रागावले नव्हते, पण पार चक्रावल्यासारखे दिसत होते.

“कडक म्हणजे कसा?”

“सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरी आन् दाण्याची आमटी. सांजचं रताळ्याचा कीस. आज पहाटं निघताना वाटंला म्हणून राजगिऱ्याचा लाडू दिला, त्यो बी एकच. मीठ म्हणाल तर शेंदेलोण. दुसरं तोंडात घालू दिलं न्हाई.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, “तरीच. मी म्हणतोय, आतड्यात सगळीकडं दाणे कुठून आले.”

“पन पातळ घ्या म्हणून तुमच्याच मानसानं सांगितलंतं न्हवं?” आक्का जरा घाबरून म्हणाली. “आमटी पातळच केलती मी. पार पाण्यावानी.”

मला हसू आवरेना आणि डोकं भिंतीवर आपटावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम. वर्षभर विनवण्या करून, रुसून, आक्काला शपथा घालायला लावून ज्या माणसाला मी ह्या दारापर्यंत आणलं होतं, तो माणूस आत टेबलावर पडला होता आणि दुर्बिणीला त्याच्या पोटात शेंगदाण्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

चूक कुणाची म्हणायची? फोन आक्कानं घेतला होता. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या माणसानं सांगितलं होतं, आदल्या दिवशी उपवास ठेवा, पातळच घ्या आणि पोट साफ व्हायची पावडर पाण्यातून प्या. तो माणूस बोलण्यावरून आपल्याच भागातला होता म्हणे, आणि मला त्याचाच जास्त राग आला. आपल्याकडच्या बाईला ‘उपवास ठेवा’ म्हणून सांगितलं की ती पहिल्यांदा दाणे भाजायला घेते, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. त्याच्या आईनंही तेच केलं असतं. पावडर दाजींनी इमानदारीनं प्यायली होती, रात्रभर हेलपाटे घातले होते, पण आक्काच्या दाण्यांपुढं त्या पावडरीचं काही चाललं नाही.

आमचे दाजी, म्हणजे हिंदुराव मगदूम, हे पंचक्रोशीत कुस्तीच्या मैदानाचे निवेदक म्हणून नावाजलेले होते. मंडपाचा धंदा पोटासाठी आणि माईक जिवासाठी. जत्रेच्या मैदानात दाजींनी आवाज लावला की झाडावर बसलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची. आमचे वडील लवकर गेले. माझं लग्न दाजींनी जमवलं, कोल्हापुरात छापखाना टाकायचं डोकंही त्यांचंच. मी वयानं, नात्यानं आणि उपकारानं त्यांच्याहून लहान. अशा माणसाला ‘दवाखान्यात चला’ हे एवढंसं वाक्य सांगायलासुद्धा मला घसा खाकरावा लागायचा.

आणि सांगायचं तरी काय? त्यांना काही झालं नव्हतं. झालं होतं ते त्यांच्या थोरल्या भावाला. आबांना शौचाला रक्त पडायचं. सगळं घर त्याला मूळव्याध म्हणायचं. सुरणाची भाजी, ताक, कुणीतरी दिलेली मुळी, असं करत त्यांनी बरीच वर्षं काढली आणि शेवटी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही हाताबाहेर गेलेला. आबांच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, सख्ख्या भावानं काही त्रास नसला तरी एकदा दुर्बिणीतून आतडं तपासून घ्यावं. तसं तर चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कुणीही घ्यावं, पण ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी टाळू नये.

‘काही त्रास नसला तरी’ हे शब्द आमच्या घरात कुणाच्या गळ्याखाली उतरले नाहीत.

“त्रास न्हाई तर जाऊन सांगू काय?” दाजी म्हणायचे. “डॉक्टर, मला काय झालं न्हाई, जरा बघा की, असं? आन् बघणार ते बी कुठनं, तर...” इथं ते माईकवर थांबायचे तसं थांबायचे आणि सगळं घर हसायचं.

तरी त्या दिवशी ते आले होते. आक्कानं जेवण सोडायची धमकी दिली म्हणून आले होते, पण आले होते.

गुंगी उतरल्यावर दाजी बाहेर आले. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. “पुढच्या आठवड्यात परत या. या वेळी उपवास म्हणायचं नाही. आदल्या दिवशी नुसतं पाणी, शहाळं, गाळलेलं सरबत. दातानं चावायचं काही म्हणजे काही नाही. आपण आत बघायचं, चामखिळीसारखं काही उगवलेलं असलं तर तिथल्या तिथं काढून टाकायचं. संपलं.”

“येतो की,” दाजी म्हणाले. “त्यात काय.”

खाली गाडीपाशी आलो तोवर त्यांच्या अंगात माईक संचारला होता. आक्का रडवेली होऊन पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझंच चुकलं, मी नीट इचारायला पायजे हुतं. तिला हसवायला म्हणून त्यांनी हाताची मूठ तोंडाशी धरली.

“ऐका मंडळी, ऐका! डॉक्टर मैदानात उतरलेले आहेत. हातात दुर्बीण आहे. आत शिरतात, बघतात तर काय? शेंगांचं वावर! कोपऱ्या-कोपऱ्यात पीक उभं आहे! डॉक्टर डावीकडं बघतात, दाणा! उजवीकडं बघतात, दाणा! आणि मंडळी, कुस्ती बरोबरीत सुटलेली आहे!”

ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. आक्का पदर तोंडात कोंबून हसली. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, फार हसलो.

ती गोष्ट गावात आमच्या आधी पोचली असावी असं वाटावं इतक्या वेगानं पसरली. महिनाभरात ती लग्नाच्या पंगतीत आली, मग बारशाला, मग तालमीच्या कट्ट्यावर. माणसं दाजींना अडवून म्हणायची, मगदूम, ते दाण्यांचं सांगा की. प्रत्येक वेळी तिच्यात एखादी भर पडायची. आधी नुसते दाणे होते, मग साबुदाणा फुलला, मग डॉक्टरांनी आत खुरपं घालून भांगलण केली. दाजींनी आयुष्यात शेकडो कुस्त्या सांगितल्या, पण ही त्यांची सगळ्यात गाजलेली कुस्ती झाली.

आणि ती अशी गाजल्यावर परत कशाला कोण जातं? दवाखान्यात जाऊन सगळं नीट पार पडलं असतं तर गोष्टीचा शेवटच बिघडला असता.

मी फोन करायचो. “दाजी, तारीख घेऊ काय?”

“घेऊ की. जत्रा हू दे.”

जत्रा झाली. मग लग्नसराई आली, मंडपाची कामं आली, मग गणपती. मला फोनवर टाळतात म्हणून मी एकदा सरळ गाडी घेऊनच त्यांच्या दारात गेलो. बायकोनं शहाळी घेऊन दिली होती, ती डिकीत होती. आज त्यांना घरी आणायचं, एक दिवस आपल्याकडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तपासणी, असा माझा बेत होता. दाजी सोप्यात बसून माईकच्या वायरी गुंडाळत होते.

“दाजी, कपडे घाला. तुम्हाला न्यायला आलोय.”

“कुठं?”

“माहीत आहे तुम्हाला कुठं.”

“पाव्हणं, बसा तरी. अगं, च्या टाक.” मग त्यांनी गाडीजवळ उभ्या असलेल्या माझ्या नव्या ड्रायव्हरला हाक मारली. “या की मर्दा, उभं का? तुम्हाला आमच्या दाण्यांची गोष्ट म्हाईत हाय काय?”

“दाजी, आता ती गोष्ट नको.”

“का? त्येला म्हाईत नसंल.”

त्याला माहीत नव्हती. दाजींनी सांगितली. शेजारचे दोघंतिघं कुंपणापाशी येऊन उभे राहिले, कारण दाजींचा आवाज लागला की माणसं यायचीच. ड्रायव्हर पोट धरून खाली बसला. मी मध्येच उठलो आणि ओरडलोच, “अहो, आबा कशानं गेले ते विसरलात काय? हसण्यावारी नेऊ नका!”

आक्का चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबली. दाजींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, जरा कीव आल्यासारखं.

“बापू,” ते म्हणाले, “आबाला रक्त पडत हुतं. मला न्हाई. भूक लागती, झोप लागती, मैदानात दोन-दोन तास उभा ऱ्हातो. मी आजारी हाय असं तुला कुटनं दिसतंय ते दाव. दावलंस तर आत्ता येतो.”

मी काय दाखवणार होतो? त्यांच्या पोटात काय आहे ते मला दिसत असतं तर दुर्बिणीची गरज काय होती? मी चहा प्यायलो. रडणाऱ्या माणसाला ओढून नेता येतं, भांडणाऱ्यालाही नेता येतं, पण ठणठणीत आणि हसऱ्या माणसाला नेता येत नाही. शहाळी त्यांच्याच ओसरीवर उतरवून मी परत आलो. नंतर कळलं, ती त्यांनी तालमीतल्या पोरांना दिली.

दोनेक वर्षांनी एका मैदानात शेवटची कुस्ती लागली असताना दाजींनी वाक्य निम्म्यात सोडलं. माणसांना वाटलं माईक गेला. दाजी खांबाला धरून उभे होते आणि त्यांना धाप लागली होती. रक्त तपासलं तर अंगात रक्तच राहिलं नव्हतं. ते कुठून आणि किती दिवस न दिसता झिरपत होतं ते शोधायला आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टर तेच होते. त्यांनी आम्हाला ओळखलं, पण दाण्यांचं नाव काढलं नाही. त्यावरूनच मी समजलो.

तपासणी झाल्यावर त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. आतड्यातली गाठ मोठी होती आणि आजार यकृतापर्यंत पोचला होता. औषधं देता येतील, ते म्हणाले, पण बरं करता येणार नाही.

“त्या दिवशी दिसली असती?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

“बहुधा,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा ती लहान असणार. फार तर बोराएवढी. तारेचा बारीक फास असतो, त्यात धरून तिथंच काढली असती. संध्याकाळी घरी गेले असते. तुम्ही परत का नाही आलात?”

हसत होतो म्हणून आलो नाही, असं कसं सांगायचं?

बाहेर आक्का बाकावर बसली होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मी तिच्याशेजारी बसलो. तिनं आजाराचं नाव विचारलं, मी सांगितलं. किती दिवस, ते विचारलं नाही. मग म्हणाली, “बापू, त्या दिवशी मी ती खिचडी घातली नसती तर?”

“तर काय?”

“तर तवाच दिसलं असतं का? हे वाचलं असतं का?”

“नाही,” मी म्हणालो. “तेव्हा बघून काही उपयोग नव्हता. आता डॉक्टरांना तेच विचारून आलो. हा आजारच तसला असतो, आक्का. कधीही बघितला असता तरी फरक पडला नसता.”

“खरं सांगतोस?”

“तुझी शपथ.”

तिनं केवढा तरी श्वास सोडला. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी मला दिली. ती आजही त्या बाकावर तशी बसली तर मी हेच सांगेन. शपथेसकट सांगेन. त्या बाईला नवरा गमवायचा होता, वर त्याला आपणच मारलं हे ओझं कशाला वाहायला लावायचं?

दाजी पुढं थोडेच महिने होते. शेवटी शेवटी त्यांचा आवाज बसला. ज्या आवाजाला चार गावं ओळखायची तो ऐकायला तोंडाजवळ कान न्यावा लागायचा. एकदा आक्का परसात गेली होती तेव्हा त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“पाव्हणं, धैर्याला न्या.”

धैर्यशील म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, नुकताच चाळिशीत शिरलेला.

“नेतो,” मी म्हणालो.

“माझं ऐकलासा तसं त्येचं ऐकू नगा. हसला तरी वडून न्या.”

एवढं बोलून ते दमले. त्यांनी डोळे मिटले तेव्हा मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी उठून बाहेर गेलो.

तेराव्याचं सगळं आटोपून पाहुणे गेल्यावर मी विषय काढला. धैर्यशील सोप्यात भिंतीला टेकून बसला होता, आक्का तांदूळ निवडत होती. बापाचा आवाज त्याच्याकडं आला होता, पण बापाची जीभ आली नव्हती. तो कमी बोलायचा, आणि कमी बोलणाऱ्याचं मन वळवणं आणखी अवघड.

“धैर्या, तुझी तपासणी करून घ्यायला हवी. चुलता गेला, बाप गेला. आता तुझ्यात उशीर करून चालणार नाही.”

“कशाला मामा?” तो म्हणाला. “तपासून काय हुतंय? तुमीच सांगितलंतासा की आईला. बघून बी काय फरक पडला नसता म्हणून.”

मी आक्काकडं बघितलं. ती मान हलवत होती.

“व्हय की,” ती म्हणाली. “डाक्टरच तसं बोलल्यात. असंल नशिबात तर हुणार, नसंल तर न्हाई. पोराला उगं ती पावडर पाजून कशाला तरास देतोस, बापू?”

तिची समजूत काढायला मी जे बोललो होतो, ते तिनं मुलाला जपून सांगितलं होतं आणि मुलानं मनात पक्कं करून ठेवलं होतं. आता त्याला नेण्यासाठी ते खोटं होतं म्हणून सांगायला हवं. आणि ते खोटं होतं म्हणायचं, तर हातातल्या सुपासकट समोर बसलेल्या बाईला काय सांगायचं?

“तसं नसतं प्रत्येकाचं,” मी कसंबसं म्हणालो.

“मग कसं असतंय?” धैर्यशीलनं विचारलं.

आक्का तांदळातला खडा उचलून बाजूला ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मंडपाच्या गोदामात गाठलं. कनाती, खुर्च्या, गुंडाळलेली बिछायत, आणि कोपऱ्यात दाजींचे कर्णे. दार ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, ‘बहुधा’ सकट. तो बिछायतीच्या गुंडाळीवर बसला.

“म्हंजे आमचे आण्णा आज असते,” तो म्हणाला.

“बहुधा.”

“म्हंजे आईनं त्या दिवशी...”

“आईचं नाव घेऊ नकोस.” माझा आवाज चढला. “तुझी आई रात्री उठून दाणे भाजत होती. तिला ‘उपवास’ सांगितलं, तिनं उपवास केला. आणि त्यानंतर दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत तुझ्या बापाला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.”

तो मान खाली घालून बसला. रडत होता, पण आवाज नव्हता.

“आईला म्हाईत हाय?”

“नाही. आणि कळता कामा नये. म्हणून तुला इथं सांगतोय. तू यायचं, धैर्या. तुला बापाची आण आहे.”

“येतो,” तो म्हणाला. मग उठताना पुन्हा म्हणाला, “येतो मामा.”

आक्काला आम्ही एवढंच सांगितलं, की माझ्या मनाची शांती म्हणून करू. ती म्हणाली, करा बाबा, पन मी बी येतो. आदल्या दिवशी दोघं माझ्याकडं कोल्हापुरात राहिली. त्या दिवशी आक्का आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. माझी बायको शहाळं फोडून देत होती, सरबत गाळून देत होती, आणि आक्का बाहेरच्या खोलीत बसून लांबूनच विचारत होती, “चालतंय न्हवं त्येला ते? नक्की चालतंय?” बायको म्हणाली, चालतं, वन्सं. तरी थोड्या वेळानं तिनं परत विचारलं.

तपासणीला फार वेळ लागला नाही. आम्ही त्याच बाकावर बसलो होतो. आक्कानं ते ओळखलं की नाही कोण जाणे. तेच डॉक्टर बाहेर आले, या वेळी मोजे पूर्ण काढलेले आणि चेहरा उजळलेला.

“झालं,” ते म्हणाले. “आतडं एकदम स्वच्छ होतं, छान दिसलं. एक गाठ होती. एवढीशी.” त्यांनी करंगळीच्या टोकावर अंगठा टेकवून दाखवलं. “काढून टाकली. तपासायला पाठवू, पण काळजीचं दिसत नाही. तीन वर्षांनी परत एकदा या म्हणजे झालं.”

“कापलं काय वं पोट?” आक्कानं विचारलं.

“छे! पोटाला हातसुद्धा लावला नाही. दुर्बिणीतूनच काढली. त्यांना कळलंपण नाही.”

“दुखत न्हाई न्हवं?”

“काही नाही. तासाभरात घरी न्या.” डॉक्टर खूश होते. धैर्यशीलसारखे पेशंट वेळेवर आले की त्यांना आनंद होत असणार, आणि तो होऊ नये असं मी कसं म्हणू? ते जाता जाता म्हणाले, “बरं झालं आणलंत. ही राहिली असती तर काही वर्षांत तिचाच कॅन्सर होऊ शकला असता. सगळ्यांची सुरुवात अशीच असते, एवढ्याशा गाठीपासून.”

मी त्यांचे आभार मानले. मला हलकं वाटत होतं. दाजींना दिलेला शब्द पाळला होता, मुलगा सुटला होता. आक्कानं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली, मिटल्या दाराकडं बघून मुलाची दृष्ट काढली आणि माझ्याकडं वळून हसली. नवरा गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

मग ते हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. ती आपल्या करंगळीच्या टोकाकडं बघत होती. डॉक्टरांनी दाखवलं तसा तिनं त्यावर अंगठा टेकवला.

“बापू.”

“काय?”

“सगळ्यांचंच आसं एवढ्याशानं सुरू हुतंय म्हणालं न्हवं ते?”

मी आतल्या दाराकडं बघितलं.

“मग ह्यांचं बी त्या दिवशी एवढंच असंल का रं?”

उत्तर तोंडात तयार होतं. नाही आक्का, त्यांचं वेगळं होतं. मागं दिलं होतं त्याच चालीवर द्यायचं होतं, वर शपथ घालायची होती. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि आतल्या खोलीत तिचा मुलगा ठणठणीत झोपला होता. त्याच्याइतका मोठा पुरावा माझ्यापाशी दुसरा नव्हता, आणि तो माझ्याविरुद्ध होता. मी तोंड उघडलं. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मान फिरवली, तर तिला उत्तर मिळालं.

ती रडली नाही. ओरडली नाही. मला खोटारडा म्हणाली नाही, म्हणाली असती तर बरं झालं असतं. आत धैर्यशीलनं हाक मारली, “आई, भूक लागलीया.”

मी आक्काला म्हणालो, “चल, उठ. पोरगं हाक मारतंय.”

“तू जा,” ती म्हणाली. “डाक्टरला इचार त्येला काय खायाला चालतंय. तूच इचार, तूच आन आन् तूच घाल. मला नगं सांगू.”

मी गेलो. काउंटरवर विचारलं. हलकं काहीही चालेल म्हणाले. खालून मऊ भात आणि ताक घेऊन आलो आणि ताट तिच्या हातात द्यायला गेलो, तर तिनं हात पदराखाली घेतले. शेवटी धैर्यशीलला मीच भरवलं.